रेषेवरचा सहावा गोल

हॉर्न वाजला, मुली पाण्याच्या बाटल्या बाकाखाली टाकून मैदानात पळाल्या, आणि मार्लिस कुबिचेकनं हातातल्या बोर्डाकडे पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मुलींच्या जागा दाखवणारे सहा गोल काढलेत. पाच नाही, सहा. बास्केटबॉलच्या एका संघात पाच जणी खेळतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ही बाई तर जन्मभर तेच शिकवत आलेली. तिनं तळव्यानं खसाखसा बोर्ड पुसला, फडकं शेजारीच असून तळव्यानंच, आणि कुणी पाहिलं का म्हणून हळूच इकडेतिकडे बघितलं. बाकावरच्या मुली ओरडत होत्या, मदतनीस कोच टेस मांडीवर थाप मारत मोठ्यानं काहीतरी सांगत होती, वर गॅलरीत बँडवाल्यांनी ढोल धरला होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. फक्त ओडेसा. टाइमआउटमध्ये कॉलेजच्या संघाची कप्तान ओडेसा बोर्डाकडे बघून मग तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि पुन्हा बोर्डाकडे. तेव्हा मार्लिसला वाटलं होतं, पोरगी दमलीय. मग ओडेसा नुसतं "हो कोच" म्हणाली होती आणि गेली होती. तो सामना त्या जिंकल्या. उपांत्य फेरी होती, घरच्या मैदानावर, लोक उठून नाचत होते, आणि मार्लिस सगळ्यांशी हात मिळवत होती. उजवा हात. डावा तिनं कोटाच्या खिशात ठेवला होता, कारण त्याचा तळवा निळा झाला होता.

सकाळी स्वयंपाकघरात कॉफी ओतताना तो तळवा तसाच होता. साबणानं, मीठ लावून, सगळं करून झालं. शाई काही रेषांमधून निघेना. खिडकीबाहेर बर्फाचे ढिगारे काळे पडले होते आणि गावभर ओट्सच्या कारखान्याचा वास भरला होता. आज त्यांनी स्ट्रॉबेरीचे ओट्स काढले असणार, गोड, भाजल्यासारखा वास. आयोवातल्या या सीडर रॅपिड्स गावात माणसं वासावरून वार ओळखतात. मार्लिसनं हुंगून पाहिलं, आणि लगेच स्वतःवरच चिडली. काय हे, परीक्षा घेतेयस स्वतःची? वास येतोय, वार आठवतोय, गॅस बंद केलाय. गॅस बंद केलाय ना? तिनं उठून पाहिलं. बंद होता. बंद असल्याचं बघायला उठावं लागलं, हे मात्र तिला मुळीच आवडलं नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. आईचं सुरू झालं ते ताटांपासून. जेवायला चौघं, आणि आई पाच ताटं मांडायची. पाचवं एमिलचं, शेतावरच्या गड्याचं, जो मार्लिस लहान असतानाच वारला होता. बाबा काही न बोलता ते ताट उचलून परत फळीवर ठेवायचे. रोज. आई सूप वाढता वाढता म्हणायची, "एमिल अजून आला नाही का?" आणि बाबा म्हणायचे, "येईल, येईल, तू बस." मार्लिस तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आलेली असायची. तिला हसू यायचं, तिच्या बहिणीला, जोलीनला, रडू यायचं. पुढे एका दुपारी आईनं मार्लिसला दारातून आत घेतलं, तिचा कोट काढून ठेवला, खुर्ची दिली, आणि फार अदबीनं विचारलं, "तुम्ही कुणाच्या, बाळ?"

एक ताट जास्त. एक गोल जास्त.

आता हे खरं असेल तर बोर्ड हातातून खाली ठेवायला हवा, हे तिला कळत होतं. न कळायला काय झालं? तीच मुलींना सांगायची, पाय लंगडत असेल तर सांगा, लपवलंत तर बाकीच्या चौघींना फसवलंत. पण बोर्ड ठेवून मग करायचं काय? लग्न तिनं केलं नाही. म्हणजे करायचं होतं, एक पशुवैद्य होता डेकोरा गावचा, चांगला होता, पण त्याला दर वेळी सामन्यांच्या दिवसांतच भेटायची हुक्की यायची. घर होतं, त्यात एक मांजर होतं ते शेजारणीकडेच जेवायचं. बाकी सगळं मैदानाच्या त्या लाकडी जमिनीवर. छताला टांगलेली ती निशाणं, एकेका वर्षाच्या विजयाची, इतकी झाली होती की नवी लावायला जुनी सरकवावी लागत. बँकेतली बाई, दुकानात पिशव्या भरणारा म्हातारा, चर्चमधले पाद्री, सगळे तिला कोचच म्हणायचे. तिचं नाव मार्लिस आहे हे जोलीन आणि कर खातं यांनाच काय ते माहीत. मैदानाला तिचं नाव द्यायचं घाटत होतं. मैदानाला नाव लागेल आणि नावाची बाई मैदानावर येऊन विचारेल, तुम्ही कुणाच्या? या विचारानं तिला हसू आलं, आणि हसता हसता कॉफीचा कप टेबलावर ठेवावा लागला.

लोकांना वाटायचं तिच्याकडे काही गुपित आहे. वर्तमानपत्रवाले दरवर्षी विचारायचे. गुपित कसलं डोंबलाचं! तिच्याकडे फक्त रेषेचा आठवडा होता. हंगामाच्या सुरुवातीला एक आठवडा ती मुलींना पाचांचा खेळ खेळूच द्यायची नाही. सहा जणींचा संघ करायची, तिघी या अर्ध्यात, तिघी त्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. या अर्ध्यातल्या तिघींनी फक्त अडवायचं, चेंडू मिळाला की रेषेपर्यंत आणून पलीकडच्या तिघींना द्यायचा, आणि मग उभं राहायचं. बघत. पोरी वैतागायच्या. शिकागोच्या शाळांतून आलेल्या, बिबट्यासारख्या धावणाऱ्या पोरी, त्यांना रेषेवर उभं करायचं म्हणजे काय! "कोच, आम्ही इथं काय करायचं?" "बघायचं." "काय बघायचं?" "ती काय करते ते." "आणि मग?" "मग काही नाही. बघायचं." पहिले दोन दिवस त्या नखं बघायच्या, छत बघायच्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी अचानक ओरडायची, "अगं डावीकडे! डावीकडे मोकळी आहे ना ती!" तिथून पुढे संघ व्हायला लागायचा. हे काही मार्लिसनं शोधून काढलं नव्हतं. ती स्वतः त्यातच वाढली होती. तेव्हा आयोवा राज्यात शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल असाच होता, सहा जणींचा. पूर्वी कधीतरी शहाण्या पुरुषमाणसांनी ठरवलं होतं की मुली पूर्ण मैदान धावल्या तर त्यांना घेरी येईल. त्याच मुली पहाटे उठून डुकरांना खाणं घालत, गवताचे भारे ट्रकवर फेकत, ते चालायचं. पण त्या सहांच्या खेळासाठी गावंच्या गावं वेडी व्हायची. राज्याच्या सामन्यांना पोरी राजधानीत, डे मॉइनला गेल्या की दुकानांना कुलपं, आणि गाई राखायला एखादा चिडका म्हातारा तेवढा मागे.

जोलीन पुढची होती. फॉरवर्ड. मार्लिस मागची, गार्ड. दोघींत एका वर्षाचं अंतर, दोघी एकाच संघात, आणि चार वर्षांत मार्लिसनं सामन्यात एकदाही चेंडू टोपलीकडे टाकला नाही. गार्डनं टाकायचाच नसतो, टोपली रेषेपलीकडे. आई सामन्याला निघताना म्हणायची, "मार्ली, तू तरी का येतेस एवढ्या लांब? तुला टाकू तर देत नाहीत." मार्लिस अडवायची, हिसकवायची, रेषेपर्यंत यायची, चेंडू द्यायची. मग बुटाचं टोक रेषेला लावून, कमरेवर हात ठेवून उभी. पलीकडे जोलीनची पाठ. दोन वेण्या, घामानं पाठीला चिकटलेली जर्सी, उजवा खांदा थोडा वर. जोलीन उडी मारायच्या आधी उजवा खांदा वर घ्यायची, हे जोलीनला स्वतःला माहीत नव्हतं, त्यांच्या तेव्हाच्या कोचला माहीत नव्हतं, मार्लिसला माहीत होतं. चेंडू जाळीतून गेला की गाव उठून उभं राहायचं. आणि जोलीन गावाकडे बघायचीच नाही. गर्रकन वळायची आणि रेषेकडे बघायची, थेट मार्लिसकडे, भुवया वर करून. बघितलंस? मार्लिस मान हलवायची. बघितलं. झालं, एवढंच. पुढे कॉलेजात मार्लिस पाचांच्या खेळात पहिल्यांदा रेषा ओलांडून धावली तेव्हा आता शिट्टी वाजणार म्हणून तिनं डोळेच मिटले होते. शिट्टी वाजली नाही. सगळं मैदान आपलं झालं. तिला मुळीच आनंद झाला नाही, हे ती कुणाला कधी सांगू शकली नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

दुपारी तिनं जोलीनला फोन लावला. जोलीन अजून गावीच, नवऱ्याबरोबर, कोंबड्या आणि नातवंडं यांच्यात. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "जिंकलात म्हणे. रेडिओवर ऐकलं. दुसऱ्या भागात झोपल्या होतात का गं सगळ्या?"

"जोलीन, मी काल सहा काढले."

"काय सहा?"

"बोर्डावर. टाइमआउटमध्ये. पाच काढायचे ते सहा काढले."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. जोलीननं हात पुसले असणार, खुर्ची ओढली असणार. मार्लिसला ते सगळं दिसत होतं. मग जोलीन म्हणाली, "आईची ताटं आठवली तुला."

"हो."

"मलाही." जोलीन म्हणाली. "खरं सांगू? रागावू नकोस. गेल्या महिन्यात तू मला कोलाच्यांचं प्रमाण विचारलंस. आईच्या. पीठ किती, जर्दाळूचा मुरंबा किती. मी सांगितलं, तू लिहून घेतलंस. चार दिवसांनी पुन्हा फोन करून तेच विचारलंस."

"मी?"

"तू."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पुन्हा सांगितलं. कोलाचे झाले ना चांगले?"

मार्लिसला कोलाचे आठवत होते, मुरंबा भरलेले ते गोड पाव. मुलींनी डबा चाटूनपुसून परत दिला होता. दुसरा फोन आठवत नव्हता. ती तो शोधत राहिली, आणि जिथं तो असायला हवा तिथं काहीच नव्हतं, जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी ती पुन्हा पुन्हा तिथं जात राहिली. भीती वाटते गं, ती म्हणाली. असं तिनं जोलीनला पूर्वी कधी म्हटलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. जोलीन म्हणाली, "सोमवारी येते मी. दोघी जाऊ डॉक्टरकडे. गाडी मी चालवणार, तू नुसती बस." आणि मग, तिचा स्वभावच तो, रडायच्या जागी भलतंच काही विचारायचं, ती म्हणाली, "पण कुठं काढलास गं तो सहावा?"

"कुठं म्हणजे?"

"अगं, मैदानावर कुठं? टोपलीखाली? कोपऱ्यात?"

मार्लिसनं डोळे मिटले. हा विचार तिच्या मनातच आला नव्हता. पाच गोल कुठं होते ते तिला लख्ख दिसलं: ओडेसा वर, दोघी दोन बाजूंना, दोघी आत. आणि सहावा. "रेषेवर," ती म्हणाली. "मधल्या रेषेवर. बुटाचं टोक लावून असल्यासारखा."

फोनमध्ये जोलीन हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "अगं बयो, मग ती तूच की! चार वर्षं तिथंच तर उभी असायचीस, कमरेवर हात ठेवून, कुंपणाशी म्हैस उभी राहावी तशी."

"म्हैस तू."

"मी पुढची होते बाई, मला बघायला लोक तिकीट काढायचे." मग जोलीन अगदी हळू बोलली. "डॉक्टरकडे जायचंच, हं. ती तू असलीस तरी जायचं. पण मार्ली, मला एक सांग. मी वळून बघायचे तेव्हा तू दर वेळी बघितलेलं असायचं का? का उगीच मान हलवायचीस?"

"दर वेळी," मार्लिस म्हणाली. "तुझा उजवा खांदा वर जायचा."

"खांदा? माझा? काहीतरीच!" जोलीन म्हणाली, आणि पलीकडे नळ पुन्हा चालू झाला.

शनिवारी अंतिम सामना. कपडे बदलायच्या खोलीत मुली बूट बांधत होत्या, कुणाच्या कानात गाणी, कुणाचा गुडघ्याला पट्टी लावण्याचा कार्यक्रम चाललेला. मार्लिस त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला नेहमीचं भाषण आठवेना. आठवेना म्हणजे आठवत होतं, पण ते बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "बुधवारी टाइमआउटमध्ये मी सहा गोल काढले. तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. वयानं झालं असेल, नाही तर दुसरं काही असेल. सोमवारी डॉक्टर सांगतील. पाय लंगडत असेल तर सांगा, असं मीच तुम्हाला म्हणते, म्हणून मी सांगतेय. आज बोर्ड टेसकडे राहील. आणि या हंगामानंतरही टेसकडेच." बोलून झाल्यावर तिनं मार्कर टेसच्या हातात दिला. टेस तिच्याच हाताखाली खेळलेली, पहिल्या वर्षी चेंडू लागला की भोकाड पसरणारी, आता दोन पोरांची आई. ती मार्कर धरून अशी उभी राहिली, जणू कुणी तिच्या हातात तापलेली कढई दिलीय. "कोच, मी बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पुसलंत, मग मी काय बोलणार?" मार्लिस खाली बघत होती, बुटांकडे, म्हणून ओडेसा बोलली तेव्हा तिला आधी फक्त आवाज ऐकू आला.

"कोच, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दामच काढला."

"मुद्दाम सहा?"

"रेषेच्या आठवड्यासारखं. मी मैदानात गेले आणि बघितलं, सहावी कोण. तर तुम्ही रेषेपाशी उभ्या होतात. मग मी विचार केला, कोच जिकडे बघतायत तिकडे चेंडू टाकायचा असणार. टाकला. तिथं आपली मुलगी मोकळी होती."

पोरगी खोटं बोलत असेल तर फार गोड खोटं बोलत होती. मार्लिसनं तिच्याकडे नीट बघितलं, आणि तिला ठरवता आलं नाही, आणि न ठरवताच ते जवळ ठेवावं असं तिला वाटलं. "बूट बांध," ती म्हणाली. "नाडी सुटलीय तुझी."

सामना तिला सलग आठवणार नव्हता, पण ते कधीच नसतं, चांगल्या डोक्यानंही नसतं. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुली मागे पडल्या, बरोबरीत आल्या, पुन्हा मागे. कोचनं बाकापाशी राहायचं असतं, पण तिचे पाय नेहमीसारखे रेषेकडे सरकत, आणि पंच, तिला वर्षानुवर्षं ओळखणारा टकला माणूस, जाता जाता म्हणायचा, "कोच, मागे व्हा." "झाले की!" ती म्हणायची आणि तिथंच राहायची. टेसचे टाइमआउट चांगले होते. पहिल्यात तिनं दोनदा पुसून पुन्हा काढलं, पुढे नाही. मार्लिस मुलींच्या पाठीमागून बोर्ड बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मुलींकडे अशा पाठीमागून किती वर्षांत बघितलंच नाही. नेहमी त्यांची तोंडं समोर, काहीतरी मागणारी, घाबरलेली. पाठी वेगळ्याच असतात. पाठींना लपवता येत नाही. संघातल्या सगळ्यांत थोरल्या मुलीची कंबर दुखतेय हे तिला तेव्हा कळलं, आणि तिनं टेसच्या कानात सांगितलं, आणि टेसनं तिला बसवलं.

शेवटचा टाइमआउट. एका गुणानं मागे, चेंडू आपल्याकडे, वेळ चिमूटभर. टेसनं पाच गोल काढले, बाण काढले, कोण कुठं पळेल, कोण कुणाला अडवेल, भराभर, स्पष्ट. मग तिनं टोपण लावायला घेतलं तर ओडेसानं तिचा हात धरला. "एक राहिला," ओडेसा म्हणाली.

कुणी हसलं नाही. टेसनं वर बघितलं, आणि मार्कर मार्लिसपुढे धरला. अशा वेळी रडायचं नसतं, मुली बघत असतात. तिनं मार्कर घेतला आणि रेषेवर एक गोल काढला. हात स्थिर होता. "मी इथं आहे," ती म्हणाली. "आता जा." हॉर्न वाजला.

ती रेषेपाशी गेली. पंच काहीच बोलला नाही. तिनं बुटाचं टोक बाजूच्या रेषेला लावलं, मधली रेषा जिथून निघते त्याच्या जवळात जवळ, आणि कमरेवर हात ठेवले. एक चाल फसली, चेंडू परत वर आला, ओडेसाकडे. ओडेसाची पाठ तिच्याकडे होती. घामानं चिकटलेली जर्सी, आवळून बांधलेले केस. लोक घड्याळ बघत ओरडत होते, ते तिला लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं. तिनं घड्याळ बघितलं नाही. ती बघत होती, आणि सोमवारी डॉक्टर काय म्हणतील, पुढच्या हिवाळ्यात आपण कुठं असू, आपण कुणाचा कोट काढून ठेवून तुम्ही कुणाच्या म्हणून विचारू, यातलं काही तिच्या मनात नव्हतं. ओडेसानं डावीकडे हूल दिली, थांबली. उडी मारायच्या आधी तिनं श्वास घेतला तो पाठीवर दिसला. चेंडू गेला, आणि जाळी वर उडून खाली आली.

गॅलरी कोसळल्यासारखा आवाज झाला. बाकावरच्या मुली धावत सुटल्या, टेस दोन्ही हातांत तोंड धरून खाली बसली, बँडवाले काय वाजवत होते कुणास ठाऊक. सगळ्या ओडेसाच्या अंगावर पडायला निघाल्या होत्या. पण त्या पोचायच्या आधी ओडेसा गर्रकन वळली आणि रेषेकडे बघितलं, थेट मार्लिसकडे, भुवया वर करून.

"बघितलं!" मार्लिस ओरडली. एवढ्या गोंगाटात ते कुणालाही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून ती पुन्हा, स्वतःच्या कानांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "बघितलं गं बाई, बघितलं."